पाक तुगिमान यांचं नजरेचं माप

इंडोनेशियातल्या सोलो शहरात, जुन्या बाजारात पाक तुगिमान यांची पथारी माझ्या पथारीला लागूनच; आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला पाक म्हणतात. मी सायकलच्या घंट्या आणि सीटं विकतो, ते सुटे भाग. फूटपट्टीला हात कधी लावला नाही त्यांनी. "मापं घेतात ती नवशिकी," म्हणायचे. गिऱ्हाइकानं झिजलेलं चेनव्हील, म्हणजे पायडलजवळचं दातेरी चाक, पुढं केलं की एक डोळा बारीक करायचे आणि ढिगातून दुसरं काढून द्यायचे. बाजार त्यांना मानायचा. ते स्वतःला त्याहून जास्त.

सुमार्नी सायकलवर जामू विकते. हळद-चिंचेचं पाणी, मागच्या टोपलीत बाटल्या. सायकल तिच्या भावाची, जुनी रेसिंगची. चेनव्हीलचे दाते झिजून टोकदार झाले होते, चढावर जोर लावला की चेन सटकायची. सायकल थांबली की तिची चूल थांबली.

"हे घे म्बाक, घे ताई, डोळे मिटून बसव," पाक म्हणाले आणि पैसेही घेतले नाहीत. घोळ तिथंच झाला. वडीलधाऱ्यानं मायेनं दिलेली वस्तू बसत नाही म्हणून परत कोण आणणार? आमच्याकडे नकारसुद्धा होकारातच देतात, मेलं!

"बसलं का गं?" त्यांनी पुढच्या बाजारी विचारलं.

"बसलं ना! मस्त पळतेय सायकल."

पाकांनी ते बाजारभर सांगितलं.

मग एका सकाळी आम्ही दोघं भंगारवाल्याकडे निघालो होतो, तर चढावर सुमार्नी सायकल ढकलत चाललेली. घामाघूम.

"चालत का गं?"

"पाय मोकळे करतेय, पाक."

पाकांची नजर खाली गेली. जुनंच चेनव्हील होतं. त्यांनी दिलेलं टोपलीत, फडक्यात गुंडाळलेलं.

"माझीच सायकल वाकडी आहे हो," ती घाईनं म्हणाली. चूक जणू तिचीच.

पाक उकिडवे बसले, त्यांनी ते चेनव्हील लावून पाहिलं. बोल्टाच्या पाच भोकांतलं एक जुळलं, शेजारचं जुळेना. शेजारशेजारच्या दोन भोकांमधलं अंतर मापलं असतं तर ढिगापाशीच कळलं असतं. म्हातारा कानापर्यंत लाल झाला. भर रस्त्यात त्यांनी तिला हात जोडले, आणि ती बिचारी आणखीच ओशाळली.

त्याच दिवशी त्यांनी माझी पट्टी मागून घेतली, माप घेऊन दुसरं चेनव्हील शोधलं आणि स्वतः बसवून दिलं. पण जेवण गेलं नाही त्यांना. "आजवर सगळेच 'बसलं' म्हणालेत रे मला," एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते सोयाबीन आंबवून टेम्पेच्या वड्या करणाऱ्या मुल्यादीकडे गेले. त्यालाही त्यांनीच चेनव्हील निवडून दिलं होतं.

"कसं चाललंय? खरं सांग हं."

मुल्यादीनं आधी खुर्ची पुसली, मग गोड चहा ओतला. "तुमचा माल, पाक! बघायलाच नको."

त्याची सायकल भिंतीला टेकून उभी होती, वर पोतं टाकलेलं. पाकांनी पोत्याकडे हात नेला. मुल्यादी हसत हसतच पाकांच्या आणि सायकलीच्या मधे येऊन उभा राहिला.

पाकांनी हात मागं घेतला. "चहा छान झालाय," म्हणाले.