माने सरांचा उलटा प्रश्न

साताऱ्याच्या आमच्या कार्यालयात कुणी टेबलावर हात आपटला, की माने सर स्वतःची खुर्ची ओढत त्याच्याजवळ नेत. ते दैनिकाचे मुख्य उपसंपादक, गाव कोरेगाव. बातमीतला निराधार शब्द ते जसा काढत, तसा समोरच्याच्या रागातलाही काढत. ते मदतीला आले आहेत, असं कुणालाच वाटत नसे.

"रिक्षावाला मला बघून मुद्दाम पुढं गेला," छायाचित्रकार एकदा म्हणाला.

"मुद्दाम? त्यानं तसं सांगितलं व्हय तुला?" सरांनी विचारलं. छायाचित्रकार उठून चहाला गेला. सर त्याच्यामागे गेले.

माझी पाळी धाकट्या भावाच्या वास्तुशांतीला आली. त्यानं सांगलीत घर बांधलं होतं. आमच्यात थोरल्या भावाला घरी येऊन आमंत्रण देतात. त्यानं व्हॉट्सअॅपवर पत्रिका पाठवली. यापुढे त्याच्या दारात पाय ठेवायचा नाही, असं मी बायकोला सांगूनही टाकलं.

"त्यानं यायलाच पाहिजे होतं," मी सरांना म्हणालो.

"पायजे, ह्यो नियम हाय का तुझी इच्छा?"

"सर, हा अपमान आहे."

"आला असता तर बरं वाटलं असतं. तेवढीच बातमी हाय, गड्या. बाकीचं तू जोडलंस."

त्यांनी पिच्छा सोडला नाही. केवळ त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून मी वास्तुशांतीच्या दिवशी सांगलीला गेलो आणि भावाला सरळ विचारलं.

"मुद्दामच नाही आलो, दादा," तो म्हणाला. "घराचं नाव काढलं की तू बांधकामातल्या चुका सांगत बसतोस."

मी गेटबाहेर येऊन सरांना फोन लावला. निदान आता तरी ते गप्प बसतील, असं वाटलं.

"मुद्दामच केलंय त्यानं. स्वतः म्हणाला."

"बरं झालं इचारलंस. मग आता आभाळ कोसळलं का? पंगत बसली असंल न्हवं?"

"बसली आहे."

"मग जेव की रं. राग जेवल्यावर बी करता येतोय."

मी चिडूनच जेवलो. जिन्याच्या पायऱ्या उंच झाल्या होत्या. त्याबद्दल बोललो नाही.

यंदा सर गेले. कोरेगावला दहाव्याला भाऊ सांगलीहून आला होता. त्यानं सरांना कधी पाहिलेलं नव्हतं. मी त्याला सांगायला गेलो नव्हतो, फोनही केला नव्हता. व्हॉट्सअॅपवर एक ओळ टाकली होती.