अब्रू कोणाच्या खिशात

रत्नागिरी बंदरातल्या निम्म्या होड्यांची नावं तुळसाच्या हातची आहेत. तिचे वडील रंगारी. ते अंथरुणाला खिळले तेव्हा लेकीने ब्रश उचलला, तो आज पंचावन्नाव्या वर्षीही खाली ठेवलेला नाही. चौथीपर्यंत आम्ही एका वर्गात शिकलो. अक्षर तेव्हाही माझ्यापेक्षा बरं होतं, हे मी कधी कबूल केलं नाही.

यंदा आमच्या वाचनालयात चित्रप्रदर्शन ठरलं आणि चित्रांखालच्या पाट्या मी तिच्याकडे दिल्या. दोनशे वर्षांपूर्वी फ्रेंच फौजा स्पेनमध्ये घुसल्या. तिथल्या एका चित्रकाराने ती लढाई तांब्याच्या पत्र्यांवर कोरून ठेवली. चित्रकलेचे शिक्षक विनीत यांनी त्या चित्रांच्या प्रती जमवल्या होत्या. प्रेतं, उपाशी माणसं, आणि चार-पाच चित्रांत बायकांवर तुटून पडलेले शिपाई. वाचनालयाच्या अध्यक्षांना ही चार-पाच नको होती. मी मधला मार्ग काढला. चित्रं राहू देत, मजकूर सभ्य ठेवू. त्यातल्या एका पाटीसाठी मी लिहून दिलं, ‘अब्रू लुटली गेलेली स्त्री’. स्वतःवर खूशही झालो.

प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी तुळसा तो कागद घेऊन आली.

“मास्तर, ह्या मी लिवनार नाय.”

“का? शुद्धलेखन चुकलं?”

“लुटलेला माल कुनाकडं असतो?”

“लुटणाऱ्याकडे.”

“म्हंजे बाईची अब्रू आता शिपायाच्या खिशात, नि बाई रिकामी. असाच ना?”

तीस वर्षं मराठी शिकवलं, पण हा शब्द कधी असा उलटा करून पाहिला नव्हता. मला रागच आला, आधी तिचा आणि मग स्वतःचा.

“उद्या मैना येतेय राजापूरसून, माझ्या पाट्या बघायला,” ती म्हणाली. “तिनं ह्या वाचायचा?”

मैना तिची धाकटी बहीण. सतरा वर्षांची असताना तिच्यावर जबरदस्ती झाली. लढाई नव्हती, शिपाई नव्हते, गावातलाच एक होडीवाला होता. मैनाची अब्रू गेली, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. तिला घाईघाईने राजापूरकडच्या एका खेड्यात देऊन टाकलं आणि त्यानंतर तिने रत्नागिरीत पाऊल टाकलं नाही. तो मात्र ताठ मानेने हिंडला, गावजेवणात पहिल्या पंगतीला बसला. त्याच्या घरच्या एकाही होडीवर तुळसाचा ब्रश कधी फिरला नाही. तिला वेळ नसेल, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

“मजकूर बदलला तर अध्यक्ष ऐकायचे नाहीत,” मी म्हटलं.

“त्यांना सांगा, पाटी तुळसानं लिवली. उतरवायची तर माझ्यासमोर उतरवा.”

दुसऱ्या दिवशी पाटी लागली: ‘शिपाई बलात्कार करतो आहे. ही बाई झुंजते आहे.’ अध्यक्ष आले, पाटीकडे पाहिलं, पाटीखाली स्टूल टाकून बसलेल्या तुळसाकडे पाहिलं आणि दीपप्रज्वलनाला निघून गेले.

मैना अकराच्या एसटीने आली, एकटीच. पिकलेले केस, हातात कापडी पिशवी. त्या पाटीपुढे ती थांबली आणि ओठ हलवत तिने ती दोनदा वाचली. मग चित्र पाहू लागली. चित्रात शिपायाच्या पाठीमागून एक म्हातारी सुरा उगारून धावत येते.

“ही म्हातारी कोन?”

“तिची आय असंल,” तुळसा म्हणाली.

मैनाने त्या सुऱ्याकडे बोट दाखवलं.

“आपल्या आयनं मला न्हाऊ घातलन् नि सांगितलन्, कुनाला बोलू नको.”

तुळसा स्टुलावरून उठली.

“मी पन गप बसले गो.”

“तेव्हा. आता नाय,” मैना म्हणाली. तिने पिशवी तुळसाच्या हातात दिली आणि पाटी पुन्हा वाचली, या वेळी सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी.