नखाखालची लाली

नख दाबलं की पांढरं पडतं, सोडलं की खालून लाली परत येते. ती लाली म्हणजेच अंगातला जीव. मी नुसत्या कामट्या बांधतो, हाड सांधतो तो जीवच. शाळा दुसरीपर्यंतच झाली, पण एवढं मला कुणी शिकवायला नको.

परवा आमची ही अंगणात पडली. मनगट मीच आवळून बांधलं. आज तिचं नख दाबून सोडलं, तर ते पांढरंच राहिलं. बोटं सुजून काळसर पडलीत.

"अहो, ही बोटं माझी वाटतच नाहीत," ती हसत म्हणाली.

सून म्हणाली, "मामंजी, गाठ सोडा. दवाखान्यात नेऊ."

माझी गाठ आजवर मुदतीआधी कुणी सोडली नाही. जीव जाईल कुठे? वाटेत असेल. मी पुन्हा नख दाबून बघत बसलोय.