गडीमाणसांचा दगड

मागच्या उन्हाळ्यात आम्ही आमच्या पूर्वजांच्या पवित्र भूमीवर सहकुटुंब गेलो आणि माझी चळवळ तिथंच वारली.

भूमी म्हणजे एक टेकडी. पैठणकडं धरण झालं, आमचं गाव पाण्यात गेलं आणि गावामागची टेकडी तेवढी डोकं वर काढून राहिली. पन्नास वर्षं तिला कुत्रं विचारत नव्हतं. मग कुणीतरी तिचा व्हिडिओ टाकला, 'मराठवाड्याचं मालदीव' म्हणून! (मालदीवच्या सरकारनं अब्रूनुकसानीचा दावा कसा लावला नाही, देव जाणे.) झालं! दर रविवारी अख्खं संभाजीनगर होडीत. वर तिथं आता तंबूंचं रिसॉर्ट होणार अशी कुणकुण लागली आणि माझं रक्त तापलं. माझं रक्त तापलं की पत्रक निघतं.

मसाला आप्पांनी पुरवला. आप्पा म्हणजे माझे आजोबा. गाव उठलं तेव्हा ऐन विशीतले.

"आप्पा, त्या टेकडीवर काय होतं हो?"

"कायबी नव्हतं. पण रोज पहाटं सगळं गाव तिकडं जायचं. हातात तांब्या. कुणी कुणाशी बोलायचं नाय."

एवढं सांगून ते गालात हसले. मला पुरेसं होतं! तांब्या म्हणजे सूर्याला अर्घ्य, गप्प म्हणजे सामूहिक मौन! पत्रक छापून आलं: 'ही टेकडी नव्हे, आमच्या पूर्वजांचा श्वास आहे! इथे रोज पहाटे अवघा गाव मौन धरून बसत असे!' आमच्या गारखेड्यात दारोदार वाटलं. राहिलेला गठ्ठा पिशवीत घातला आणि ठरवलं, येत्या रविवारी बेटावर, भर गर्दीत, आप्पांच्या तोंडून साक्ष काढायची.

गाडीत आप्पा दोनदा म्हणाले, "माय, त्या टेकडीचं खरं सांगायचं तर..."

"इथं नको आप्पा! तिथंच बोला, ताजं ताजं!"

आई पाण्याची बाटली मांडीवर घेऊन कोरडी बसली होती. "मी नाही पीत. तिथं बायकांची सोय नसते."

"हीच ती गुलामी!" मी भडकले. "सोय नाही म्हणून बायकांनी तहान मारायची? उन्हानं चक्कर येऊन पडशील. पी!"

माझं भाषण थांबावं म्हणून आईनं अख्खी बाटली रिकामी केली. वाटेत बिडकीनला उसाचा रसही पाजला. (तोही मीच. आग्रहानं. दोन ग्लास.)

बेटावर म्हणे मोकळ्या हवेत पायी फिरायचं. पाय टेकायला जागा मिळेल तर फिरायचं ना! एकच पायवाट, तिच्यावर पुढच्याच्या घामट पाठीला नाक लावून सगळे सरकत होते. पाणी कुठंच दिसत नव्हतं, दिसत होत्या पाठी. वाटेत भेळ, मॅगी, फोटोसाठी लाल बदामाची कमान, आणि एक उंट! होडीतून आणलेला. तोही आमच्याइतकाच पस्तावलेला दिसत होता.

"याच्यासाठी लोकं पेट्रोल जाळून येतात?" बाबांनी कपाळ पुसलं.

"माझं भाषण होऊ दे, मग बघा," मी म्हणाले.

माथ्यावर मोठा काळा दगड. तिथं फोटोसाठी ही रांग! एक नवं जोडपं दगडाला गाल लावून उभं होतं. मी रांग मोडून वर चढले. "मित्रहो!"

खालून आप्पा ओरडले, "माय, उतर खाली! तो गडीमाणसांचा दगड हाय!"

"बघा!" मी कडाडले. "बाईनं शिळेवर चढायचं नाही! ही रूढी मी आज, इथं, मोडते आहे!" चार पोरींनी टाळ्या वाजवल्या. मला चेव चढला. "आप्पा, सांगा या लोकांना, आपले पूर्वज या शिळेवर काय करायचे!"

आप्पांनी बाबांकडं पाहिलं. बाबा एकाएकी उंट न्याहाळू लागले.

"सांगू का?"

"ठणकावून सांगा!"

"हागायला बसायचे."

जोडप्याचा गाल दगडावरून असा सुटला की बाईची टिकली तिथंच राहिली.

"पण आप्पा, तो तांब्या?"

"मग काय, कोरडंच?"

"आणि मौन?"

"आता तिथं कुणी गप्पा मारतं का, माय!"

सगळी टेकडी हसली. हसली नाही फक्त आई. तिनं माझं मनगट करकचून धरलं. "मला जायचंय."

"हो, हो, जाऊ घरी."

"घरी नाही गं! जायचंय!"

मी धावत खाली गेले. भेळेचे गाडे मोजवत नव्हते, संडास एकही नाही. होडीवाल्याला जाब विचारला, तर तो म्हणतो, "इत्ती बडी टेकडी है बाई, कायकू पूछरे?" परतीच्या होडीची रांग उंटाच्याही पुढं गेलेली. वर आले तर आईचा चेहरा पांढराफटक.

"पाणी पी म्हणे! गुलामी म्हणे!" ती दात आवळून म्हणाली. तिच्यामागं आणखी सात-आठ बायका तशाच ओठ मिटून उभ्या.

आप्पांनी काठी रोखली. "बायांची बाजू खाली व्हती. तिकडं, वढ्याकडं."

आम्ही सगळ्यांनी तिकडं पाहिलं. पाणीच पाणी.

"धरणात गेली," आप्पा म्हणाले.

"ऐका!" मी पेटले. "गाव बुडवलं, तेव्हासुद्धा पुरुषांची जागा कोरडी राहिली आणि बायकांची..."

"भाषण नको, मेले! आडोसा कर!"

मग मात्र मी मागं हटले नाही. "सगळे पुरुष खाली! दगड आमचा!" टाळ्या वाजवणाऱ्या पोरींनी ओढण्यांना ओढण्या बांधल्या. एक बाजू उघडी राहत होती, तिथं बाबांनी उंट आणून आडवा लावला.

"आधी विचारा," आई आतून ओरडली, "उंट नर आहे की सांडणी?"

आप्पा काठी आडवी धरून पायवाटेवर उभे राहिले. "माघारी फिरा! आज बायांची पहाट हाय!" भर दुपारी दोन वाजता त्यांनी ती टेकडी अशी राखली की एक गडी वर फिरकला नाही.

ती चळवळ वारली, पण रिसॉर्टशी माझं भांडण अजून चालू आहे. नवं पत्रक तयार आहे: आधी बायकांचा संडास, मग तुमचं ते मालदीव! पण जुन्या पत्रकाबद्दलही मी कुणाची माफी मागणार नाही. आजवर माझी पत्रकं लोक दोन पावलांवर टाकून द्यायचे. त्या दिवशी वर माथ्यावर पाण्याचा थेंब नव्हता (होता तो मी आईला पाजलेला), आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकांनी ओढणीआडून हात बाहेर काढून माझी पत्रकं मागून घेतली.

माझ्यापुरतंसुद्धा एक उरलं नाही.