पाण्यात पास झालेली पिशवी

अमीनाबींनी पिशवी माझ्या टेबलावर आपटली. "हुंग, पोरी. लोणचं हाय का नवा रेनकोट?"

मी हुंगलं नाही. आत कोलंबीचं लोणचं होतं आणि मी तेव्हा फार सोवळी होते. एकोणीसशे साठच्या दशकातली गोष्ट. उरणजवळच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात मी केमिस्ट होते. बी.एस्सी. फर्स्ट क्लास, पांढरा कोट, मान ताठ. दुसरा केमिस्टच नव्हता, त्यामुळे सगळ्यात हुशार मीच.

ती पिशवी मीच पास केली होती.

पिशवीच्या प्लास्टिकची जात मुळात कडक. मऊ करायला तिच्यात एक तेलकट द्रव्य घालतात, प्लास्टिसायझर. ते आत भाडेकरूसारखं राहतं. बाहेर तेल भेटलं की निघालं. पाण्यात सहसा उतरत नाही. म्हणून पिशवीत जे भरायचं, त्यातच ती तपासायची. तुकडा कापा, वजन करा, दहा दिवस त्या पदार्थात उबेला ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. घटलं ते पदार्थात गेलं.

त्यासाठीच अमीनाबी दोन महिन्यांपूर्वी लोणच्याची बरणी घेऊन आल्या होत्या. नवरा वारल्यावर घर लोणच्यावरच चालायचं. मुंबईच्या एका दुकानाने माल मागवला होता, पण खाडी ओलांडताना बरण्या लाँचमध्ये फुटत. म्हणून पिशवी.

"माझ्या तराजूशेजारी कोलंबी? शी! बाहेर ठेवा ती," मी म्हणाले होते. आणि तुकडा ठेवला उकळून गार केलेल्या पाण्यात. वजन हललं नाही. झोकात सही ठोकली.

आता नाकाला रुमाल लावून नवा तुकडा लोणच्यात बुडवला. दहा दिवसांनी तो पापडासारखा कडक. थोडं तेल प्यायला होता, तरी वजन घटलेलं. दुसरा रिपोर्ट घेऊन मॅनेजरसाहेबांकडे गेले.

"पहिल्यावर सही कुणाची?"

"माझीच, सर."

"मग दुसरा कशाला?"

"सर, पण तेलात..."

"नोकरी हवीय ना, मिस?"

हवी होती. रिपोर्ट त्यांच्या ड्रॉवरमध्ये गेला, मी माझ्या टेबलाशी.

दुकानाने सगळा माल परत पाठवला होता. अमीनाबी आल्या. म्हणाल्या, "लिहून दे, पोरी. खोट पिशवीत हाय, माझ्या हातात न्हाय. दुकानदाराला दाखवते."

"रिपोर्ट अजून झाला नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या हातातल्या रुमालाकडे पाहिलं. "व्हय. तुला वास येतो ना आमचा." त्या गेल्या. त्या दुकानाने पुन्हा कधी लोणचं मागवलं नाही.

पुढे आयुष्यभर हाताखालच्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एकच सांगितलं, जे भरायचं त्यातच तपासा. त्यांना वाटायचं, बाई पुस्तकातलं वाक्य म्हणून दाखवतायत. पुस्तकातलंच होतं. फर्स्ट क्लासवालीने पाठसुद्धा केलं होतं.