वादी माझी, दांडा युसूफभाईंचा

२०२४ साल, पौष महिना. थंडी कडक, उसाचं गाळप ऐन भरात. श्रीगोंद्याच्या रस्त्याला आमचं आसुडाचं दुकान. युसूफभाई लेथवर शिसवीचे दांडे काततात, मी चामड्याच्या वाद्या विणून त्यांना बांधतो. लेथखाली भुसा साचतो तसे किस्सेही साचतात. झाडायला सवड नसते. यंदा झाली. युसूफभाईंची उजवी बाजू लकव्यानं गेली आणि लेथ बंद पडला.

*

मी कुणाचे उपकार ठेवले नाहीत. एक राहिला.

बायको गेली त्या वर्षी मी हंगामभर दुकानात बसलो नाही. माझं गिऱ्हाईक तुटू नये म्हणून माझ्या वाद्या युसूफभाईंनी विणल्या. त्यांना वेणी येत नव्हती. एक गाडीवान आसूड परत घेऊन आला.

"चाचा, ही वादी हाय का सुतळी?"

"बैलाला इचार. त्यानं तक्रार केली तर आण."

गाडीवान गेला. माझ्या अंगावरचं ऋण राहिलं. जेवायला बसलो की युसूफभाई म्हणायचे, "तात्या, तू माझा देणेकरी. आन् पैसं न्हाई चालायचं."

*

पुण्याचं एक जोडपं कार थांबवून आलं. नव्या बंगल्यात भिंतीला टांगायला आसूड हवा होता. बाईंनी दांड्यावरून हात फिरवला.

"फिनिशिंग छान आहे. पण आवाज होतो का हो याचा?"

"भिंतीला मारून बघा," युसूफभाई म्हणाले.

त्यांनी दोन घेतले. त्या महिन्यात तेवढेच गेले. गाडीवानांना आता पाइपचा तुकडा पुरतो.

*

आसूड आम्ही हातात देत नाही. हातातून हातात गेला की भांडण लागतं. पोत्यावर ठेवायचा, घेणाऱ्यानं उचलायचा.

निवडणुकीत एक पुढारी फोटोग्राफर घेऊन आला. "माझ्या हातात द्या काका, स्वीकारताना फोटो पाहिजे."

मी पोत्यावर ठेवला. तो थांबला, मीही थांबलो. शेवटी तो वाकला आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला. साहेब माझ्या पायाशी! गावभर मोबाईलवर फिरला.

युसूफभाई म्हणाले, "तात्या, आशीर्वाद तरी द्यायचास."

*

लकवा झाला तेव्हा त्यांना नगरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर वॉर्डातल्या माणसांवर ओरडून दमले होते. त्यांनी युसूफभाईंना विचारलं, "काम काय करता?"

"आसूड बनवतो."

"अजून घेतात का लोक?"

"तुमी घ्या एक. एवढं ओरडावं लागायचं न्हाई."

डॉक्टर हसले. मग मला बाहेर बोलावून सांगितलं, हात परत यायचा नाही.

*

बाजीराव गाडीवान आपला आसूड मागायला आला. दांडा शिसवीचाच हवा होता, आणि युसूफभाईंनी त्याला दिवाळीतच शब्द दिला होता. त्यांचा शब्द आजवर खाली पडला नव्हता. आता पडला तर हा माणूस खाटेवरून उठत नाही, हे मला कळत होतं.

मी लेथपाशी उभा राहिलो. जन्मात कधी लाकूड कातलं नव्हतं. घरच्यांनी युसूफभाईंची खाट दुकानात आणून ठेवली. बोलणं जड झालं होतं, पण कळत होतं.

"पटाशी धरलीस का लाटणं?"

पहिलं लाकूड फुटलं. दुसरंही फुटलं.

"जळणाचं बघितलंस, बरं केलंस. थंडी हाय."

तिसऱ्यातून दांडा निघाला. वादी बांधली. बाजीरावानं आसूड उचलून दांडा डोळ्यासमोर धरला.

"तात्या, वाकडा हाय ह्यो."

खाटेवरून आवाज आला, "तुजी गाडी तरी कुठं सरळ चालती?"

बाजीरावानं आमच्या दोघांकडं बघितलं. आसूड खांद्यावर टाकला आणि गेला.

युसूफभाईंनी डोळे मिटले.

"फिटलं, तात्या."