बिब्ब्याचं शेवटचं पोतं

आमच्या कोरडवाहू तुकड्यावर घर चालत नाही, बिब्ब्यावर चालतं. हिवाळ्यात आई माळापलीकडच्या जंगलातून बिब्बे वेचून आणते आणि मग ते दगडावर ठेवून एकेक फोडते. आतली गोडंबी लाडवात जाते, म्हणून व्यापारी तेवढीच नेतो. टरफलातलं काळं तेल फोडणारीच्या कातडीत जातं. आई हातांना राख चोळून बसते, तरी बोटं भाजतातच.

मी चाकणला खोली घेऊन कॉलेज करते. घरातली पहिलीच. मागच्या वर्षी एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये आईसाठी भाजी चिरायचं काम शोधलं. बिब्बा कायमचा सुटणार होता. पण परीक्षेच्या फॉर्मला पैसे लागणार होते, म्हणून फोनवर मीच म्हणाले, "येतेसच, तर तेवढं शेवटचं पोतं फोडून ये."

ती फोडून आली.

पहिल्याच दिवशी गेटवरच्या हजेरी मशीनने तिचा अंगठा घेतला नाही. दहाही बोटं लावून झाली. मागे शिफ्टची रांग खोळंबली.

"मावशी, बोटं गावाला ठेवून आलात काय?" सुपरवायझर म्हणाला. रांग हसली.

"बिब्ब्यानं जळाली, साहेब. नवी कातडी येती की."

"मग कातडी आली की या."

गेटवर लिंबू-मिरचीबरोबर एक बिब्बा टांगलेला होता. आई त्याच्याकडे बघत राहिली. पोतं मी फोडायला लावलं, हे मी कुणालाच सांगितलं नाही.

त्यानंतर रोज सकाळी ती खोबरेल चोळून माझ्या फोनवर अंगठा ठेवायची. तिसऱ्या आठवड्यात फोनने तो नोंदवून घेतला. तिने चार वेळा फोन बंद करून उघडला. आम्ही लगेच गेटवर गेलो.

"जागा भरली, मावशी. अंगठे काय, रोज नवे येतात."

दुसऱ्या दिवशी ती एसटीने गावी गेली. मी पास झाले.

होळीला घरी गेले, तेव्हा आई अंगणात बिब्बे फोडत होती. तिचा अंगठा मी फोनमधून काढला नव्हता. तिचा हात धरून लावून बघितला. पुन्हा लावला. फोन उघडला नाही.

तिने हात सोडवून घेतला.

"अर्धं पोतं राहिलंय," ती म्हणाली. "तुझा फॉर्म कवा भरायचाय?"